डी-१० च्या मज्जारज्जूच्या इजेवर बँकॉकमध्ये स्टेम सेल : दहा महिन्यांनंतर, आणि तक्त्यातला एक रिकामा चौकोन

गेल्या आठवड्यात क्लिनिककडून दुसऱ्या पॅकेजचं कोटेशन आलं. सोबत एक पानी अहवाल होता : 'आसिया ए वरून बी. सुधारणा आहे.' (आसिया म्हणजे मज्जारज्जूच्या इजेची श्रेणी : ए पूर्ण इजा, बी अपूर्ण, थोडी संवेदना उरलेली.) दहा महिने राहून गेलेलं हे लिखाण त्या एका ओळीमुळे करतो आहे. ती ओळ चुकीची आहे, आणि तिच्या भरवशावर कुणीतरी घर गहाण टाकेल.

तुलनेसाठी रुग्णाची माहिती एवढी पुरे. इजा डी-१० ला, म्हणजे छातीच्या दहाव्या पातळीला (तिकडच्या कागदांवर टी-१० लिहितात, गोष्ट एकच), पूर्ण इजा, आसिया ए. कण्याला बसवलेला रॉड डी-८ ते डी-१२, म्हणजे कंबर सुईसाठी मोकळी. जाताना इजेला २६ महिने झाले होते. पॅकेज चार आठवड्यांचं : नाळेतून काढलेल्या मेसेन्कायमल स्टेम पेशी, दर आठवड्याला एक अशी कमरेतून चार इंजेक्शनं, शिरेतून दोन सलाइन आणि रोज दोन वेळा मिळून पाच तास फिजिओ.

खर्च सगळा धरून १८ लाख. त्यात पॅकेजचे १४ लाख ६० हजार. बाकी दोघांची तिकिटं, सोबत्याचं राहणं-जेवण, कॅथेटर, औषधं. पैसे पाठवताना बँकेत ए-२ फॉर्मवर 'वैद्यकीय उपचार' हेच कारण लिहा आणि हॉस्पिटलचं पत्र जोडा. २०२५-२६ मध्ये उपचारासाठी १० लाखांवरच्या रकमेला ५ टक्के टीसीएस (बँकेने आगाऊ कापायचा कर) होता, म्हणजे आमच्या बाबतीत २३ हजार. कारण दुसरं लागलं असतं तर तोच दर २० टक्के. कापलेले पैसे रिटर्न भरताना वळते होतात, फक्त २६-एएस या कर-पत्रकात नोंद आली का ते बघा. विम्याची आशा धरू नका. आपल्याकडच्या आरोग्य पॉलिसीत 'स्टेम सेल' हा शब्द दिसतो तो रक्ताच्या आजारांतल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी असतो.

आता त्या ओळीकडे येतो. ज्यांनी आसिया तक्ता करून घेतला आहे त्यांना ठाऊक आहे : दोन्ही बाजूंना २८-२८ ठिकाणी कापूस आणि सेफ्टी पिन, प्रत्येक ठिकाणी ०, १ किंवा २. स्पर्शाचे ११२, टोचण्याचे ११२. स्नायू दहा-दहा, प्रत्येकी ० ते ५, एकूण १००. आणि सगळ्यात खाली एस ४-५ : गुदद्वाराच्या कडेला कापूस आणि पिन कळते का, हातमोज्यातल्या बोटाने आतून दिलेला दाब कळतो का, आणि 'शी रोखून धरल्यासारखं आकसा' म्हटल्यावर बोटाला आवळ जाणवते का. पूर्ण इजा की अपूर्ण, हे या तळच्या उत्तरांवरच ठरतं. बेंबीखाली चार बोटं संवेदना उतरली, मांडीवर कापूस कळायला लागला, तरी एस ४-५ कोरं असेल तर श्रेणी ए.

पाच मेल पाठवल्यावर मूळ तक्ते हाती आले. दोन्ही तक्त्यांत एस ४-५ ची तपासणी झालेलीच नाही. तिथे 'एनटी' (तपासता आलं नाही) असंही लिहिलेलं नाही, चौकोन नुसता रिकामा. आणि तरी वर बी.

पहिल्या तक्त्यावर वेळ आहे रात्री ९.४०, विमानातून उतरलो त्या दिवसाची. दुसरा सव्विसाव्या दिवशी सकाळी, वेगळ्या थेरपिस्टने केलेला. स्पर्शाची बेरीज पहिल्यात ६८, दुसऱ्यात ७२. वाढलेले चार गुण म्हणजे बेंबीखालच्या दोन पट्ट्यांत, दोन्ही बाजूंना, ० च्या जागी १. इथल्या जुन्या डिस्चार्ज फाइलमध्ये तीच बेरीज ७० होती. परत आल्यावर पाचव्या आणि नवव्या महिन्यात पीएमआरच्या (पुनर्वसन विभागाच्या) एकाच डॉक्टरांनी मोजली : ७० आणि ७०, एस ४-५ शून्य, दाब कळत नाही, आकसता येत नाही. दमलेल्या माणसाला रात्री तपासलं तर दोन गुण कमी येतात, चार आठवडे 'आता काहीतरी कळेल' असं ऐकलेल्या माणसाला सकाळी तपासलं तर दोन जास्त येतात. चौदा लाख साठ हजारांची 'सुधारणा' एवढीच आहे.

म्हणून जाणार असाल तर निघण्याआधी महिनाभरात हा तक्ता इथे करून घ्या. मुंबईत हाजी अलीला किंवा मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या पीएमआर विभागात जा. आणि तपासणी कशी होते ते स्वतः बघा. इअरबडचा कापूस ओढून त्याची बारीक शेंडी करायची, ती त्वचेवर एक सेंटिमीटरच्या आतच फिरवायची. जास्त फिरवली तर शेजारच्या पट्टीत जाते आणि गुण फुकट मिळतो. प्रत्येक वेळी आधी गालावर लावून 'असं' आणि मग अंगावर 'तसंच का?' हे विचारायचं. पिनचं टोक आणि बोथट बाजू आलटून पालटून लावायची. शंका असेल तिथे दहातली आठ उत्तरं बरोबर आली तरच ओळख पक्की. रुग्ण उताणा, डोळे मिटलेले. तिकडे डोळे उघडे होते, आणि थेरपिस्ट प्रत्येक वेळी 'टच?' म्हणत होती. असं विचारलं की उत्तर 'हो' येतंच.

छातीच्या पातळीच्या इजेत आणखी एक अडचण आहे, ती एजंट सांगत नाहीत. तक्त्यातले मोजायचे स्नायू हाताचे (सी-५ ते टी-१) आणि पायाचे (एल-२ ते एस-१). मधल्या छाती-पोटाच्या भागात मोजायला एकही स्नायू नाही. डी-१० वाल्याचे हातांचे ५० गुण पूर्ण असतात, पायांचे शून्य. खरोखर एखाद-दोन पातळ्या सुधारल्या तरी स्नायूंची बेरीज ५० च दाखवणार. त्यामुळे 'धडाची ताकद वाढली' हे वाक्य कुणी म्हटलं की कशाने मोजलं ते विचारा.

धड सुधारलं, हे मात्र खरं आहे. जाताना आधाराशिवाय खाटेच्या कडेला बसणं एक मिनिटही जमत नव्हतं. परतताना दहा मिनिटं बसून हात पुढे करून पाण्याची बाटली उचलणं जमत होतं. व्हीलचेअरवरून पलंगावर जाताना सरकण्याचा बोर्ड लागत नाही. कॅलिपर घालून पॅरलल बारमध्ये चार फेऱ्या होतात. हे पाच तासांच्या फिजिओचं काम आहे. घरी येणाऱ्या फिजिओला आम्ही एका वेळचे ७०० रुपये देतो. १८ लाखांत रोज एक याप्रमाणे सात वर्षं होतात.

नर्सिंगबद्दल चांगलंच लिहीन. रात्री दर दोन तासांनी कूस बदलली, एकदाही चुकली नाही. आणि ब्लॅडर स्कॅनर! पोटावर लावायचं छोटं सोनोग्राफी यंत्र, लघवी किती साठली ते मिलिलिटरमध्ये दाखवतं. आठवडाभर रोज मोजून त्यांनी कॅथेटरच्या वेळा बसवून दिल्या : संध्याकाळी सातनंतर पाणी कमी, एका वेळी ४०० च्या आत, त्यामुळे रात्रीचं कॅथेटर एकवर आलं. त्या महिनाभरात कपडे एकदाही ओले झाले नाहीत. तीच वही आजही चालू आहे. संपूर्ण खर्चात सर्वांत मोलाची वस्तू ती वही ठरली, आणि तिला पेशी लागत नाहीत.

तिसऱ्या महिन्यात हे लिहिलं असतं तर सूर वेगळा असता. पायांत ऊब जाणवायची, घोट्यापाशी मुंग्या यायच्या, डावी मांडी अधूनमधून उचलायची. मी खुणेच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या आणि इतरांना 'जा' असं सांगितलंही होतं. ते आज मागे घेतो. पाचव्या महिन्यात डोळे मिटून दोन नळ्यांनी तपासलं, एकीत कोमट पाणी, दुसरीत गार. वीसपैकी दहा उत्तरं बरोबर, म्हणजे नाणेफेक. मांडी उचलायची तो स्पॅझम होता, स्नायूंचा आपोआप येणारा झटका. तिकडे बॅक्लोफेन हे स्पॅझमचं औषध कमी केलं होतं, त्यामुळे पाय उडायला लागले आणि आम्ही त्याला हालचाल समजलो. सहाव्या महिन्यात पाय एकदम कडक झाले, तेव्हा 'पेशी काम करताहेत' असा मेल आला. इथे लघवीचं कल्चर केलं, जंतुसंसर्ग निघाला, औषधाने तो गेला आणि कडकपणाही उतरला. स्पॅझम अचानक वाढला तर आधी लघवी, मग पायाची नखं, मग बसण्याच्या जागेची त्वचा बघा.

इंजेक्शनबद्दल. पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या येतात, ३७ अंशांच्या पाण्यात दोनेक मिनिटांत वितळवतात, गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून घातलेलं डीएमएसओ धुऊन काढतात. आम्हाला मिळालेल्या प्रमाणपत्रावर तीन कोटी पेशी, ९४ टक्के जिवंत. तारीख बघितली तर ती गोठवण्याआधीची. वितळल्यानंतर किती जगल्या हा आकडा महत्त्वाचा, तो ट्रायपॅन ब्लूने काही मिनिटांत निघतो : मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत होत नाहीत. तो कागदावर लिहून मागा, लॉट नंबरसकट. पेशी सिरिंजच्या तळाशी बसतात, म्हणून देताना ती हलकेच कलती करावी लागते. चारपैकी एका वेळी सिरिंज ट्रेमध्ये वीस मिनिटं तशीच पडून होती. सुई टोचताना पूर्ण इजेच्या रुग्णाला दुखत नाही, पण पाय उडतात, तेव्हा गुडघे धरायला माणूस हवा. नंतर बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, ते कण्यातलं पाणी गळल्याचं. विश्रांतीने जातं, नाही गेलं तर ब्लड पॅच, म्हणजे स्वतःचंच रक्त टोचून गळती बंद करणं. ताप आणि मान कडक झाली तर मात्र त्याच तासाला डॉक्टर. शिरेतल्या सलाइनवर वेगळे पैसे देऊ नका, त्या पेशी बहुतांशी आधी फुप्फुसातच अडकतात.

या पेशी नवा मज्जारज्जू बनवत नाहीत. काही काळ जगतात, सूज आटोक्यात ठेवणारे आणि मज्जातंतूंना पोसणारे घटक सोडतात, मग जातात. त्यामुळे जखम ताजी असताना त्यांचा उपयोग होईल या विचाराने खऱ्या चाचण्या आखलेल्या दिसतात. जपानमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये अटींवर मंजूर झालेल्या स्टेमिरॅक या पेशी-उपचारासाठी इजेनंतर ३१ दिवसांत रुग्णाचीच बोन मॅरो काढावी लागते. किंमत साधारण दीड कोटी येन. आधार १३ रुग्णांचा, त्यातले १२ सुधारले, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि त्या काळात काही जण आपसूकही सुधारतात. जपानच्याच केओ विद्यापीठाची आयपीएस पेशींची (साध्या पेशी मागे वळवून बनवलेल्या स्टेम पेशींची) चाचणी चौघांवर झाली, इजेनंतर दोन ते चार आठवड्यांत. जुन्या इजेत अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने २०२४ मध्ये दहा जणांचे निकाल दिले : स्वतःच्या चरबीतल्या दहा कोटी पेशी कमरेतून, दहातले सात एक श्रेणी तरी वर. तिथेही तुलनेचा गट नव्हता. एजंट हाच मेयोचा निकाल दाखवून नाळेच्या पेशी विकतात. पेशी वेगळ्या, संख्या वेगळी, तपासणी वेगळी.

धोका फक्त पैशांचा नाही. लिस्बनमध्ये नाकातली त्वचा कण्यात बसवलेल्या एका मुलीला आठ वर्षांनी पाठीत दुखायला लागलं. काढलं तेव्हा श्लेष्मा बनवणारी गाठ निघाली. अमेरिकी डॉक्टरांनी ते २०१४ मध्ये छापलं. २०१६ मध्ये पक्षाघातासाठी चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिकोत इंजेक्शनं घेतलेल्या रुग्णाच्या कण्यातल्या वाढीची नोंद छापून आली, आणि ती वाढ दुसऱ्या माणसाच्या पेशींची होती. म्हणून आम्ही दर वर्षी कण्याचा एमआरआय कॉन्ट्रास्टसह करणार आहोत. तो खर्चही हिशेबात धरा.

आणि ज्याची खंत सर्वांत जास्त आहे ते : आधी पेशींचा उपचार झालेल्याला पुढच्या बहुतेक चाचण्यांत घेत नाहीत. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांत रक्ताचे ठरावीक आजार सोडून बाकी वापर फक्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तिकडचा एजंट एनसीटी नंबर (अमेरिकी चाचणी-नोंदवहीतला क्रमांक) दाखवेल. नंबर म्हणजे नोंदणी, मंजुरी नव्हे. पैसे मागत असतील तर तिथेच थांबा.

प्रवासाचं एकच सांगतो. हवेची गादी असेल तर विमान वर गेल्यावर ती फुगून दगडासारखी होते. उड्डाणानंतर झडप उघडून थोडी हवा सोडा, बसण्याच्या हाडाखाली बोट घालून अर्धा ते एक इंच जागा उरते का बघा, आणि उतरल्यावर परत भरा. गादी व्हीलचेअरसोबत सामानात देऊ नका.

पाचपैकी तारे : नर्सिंग आणि फिजिओ चार, पेशी शून्य, कागदपत्रं शून्य. पुढच्या पॅकेजचं कोटेशन ३१ तारखेपर्यंत आहे. उत्तरात दोन्ही तक्त्यांच्या प्रती जोडल्या, रिकामा चौकोन लाल पेनाने गोल केला आणि 'बी' हा निष्कर्ष लेखी मागे घ्या एवढंच लिहिलं. 'वैद्यकीय टीम कळवेल' असं आलं आहे, त्याला आज सहावा दिवस.