कॅनन ईओएस आर१० कॅमेरा: नाशकात आठ महिने मॅन्युअलवर वापरल्यानंतर

मॅन्युअल मोड, म्हणजे उजेडाची सगळी गणितं स्वतः ठरवणं, शिकायचं असेल तर आर१०चे पैसे दोन डायलमध्ये वसूल होतात. तर्जनीखाली शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), अंगठ्याखाली अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं). एकच डायल असलेल्या बॉडीवर दर वेळी मध्ये एक बटण दाबावं लागतं आणि शिकणारा कंटाळून ऑटोवर परततो.

कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स मात्र नवशिक्याला चकवते. १८-४५ मिमीचं सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर १८ ला एफ ४.५, पण ४५ ला एफ ६.३ (एफचा आकडा मोठा, तितकं भोक लहान). मॅन्युअलमध्ये झूम केलं की उजेड निम्म्यावर येतो, फोटो काळवंडतो आणि आपण शटरला दोष देत बसतो. दिवसा गोदाघाटावर सरळ एफ ८ लावून ठेवावं; मग झूम कितीही फिरवा. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, शटर कोवळ्या उन्हात १/२००, दुपारी १/४००. पहिला महिना फक्त शटर फिरवावं, बाकी दोन्ही बांधून.

संध्याकाळी रामकुंडावर ही लेन्स हात टेकते. तिथे ५० मिमी एफ १.८ हवी, एफ ६.३च्या तुलनेत उजेड जवळपास बारापट. एफ २, आयएसओ १६००, शटर १/१०० पासून सुरुवात करावी. शटर १/१०० च का? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० ला आडवे पट्टे उमटतात, इलेक्ट्रॉनिक शटरवर जास्तच. १/१०० पेक्षा संथही जाऊ नये, कारण हात हलल्याची भरपाई करणारं स्टॅबिलायझेशन ना बॉडीत ना या ५० मिमीमध्ये. शिवाय आर१०च्या लहान सेन्सरवर ती ८० मिमीसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. सराफ बाजाराच्या गल्लीत मागे सरायला जागाच उरत नाही.

अंधारात स्क्रीन लख्ख भासते, म्हणून रात्रीचे फोटो घरी आल्यावर अंधारे निघतात. डोळ्यांपेक्षा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहावा. पांडवलेण्यांत दारातलं ऊन आणि आतला काळोख एकत्र आले की रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढावं, एक्सपोजर दाराच्या उजेडाला धरून. सावल्या नंतर उचलता येतात, जळालेलं पांढरं परत मिळत नाही.

नांदूरमध्यमेश्वरला या किटचा उपयोग नाही. ४५ मिमीवर पक्षी म्हणजे ठिपका. लांब लेन्स मिळाली तर उडत्या पक्ष्याला १/१६००, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ ऑटो.

बॅटरी लहान आहे, दुसरी घ्याच. बॉडीला पावसापासून संरक्षण नाही. अंजनेरीच्या धुक्यातून आणलेली ओली बॅग तशीच बंद ठेवली तर काचेवर बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. जेलचा रंग बदलला की तापवून सुकवावं, पण स्वयंपाकाच्या कढईत नको.