मोसंबीच्या बागेत 48 व्होल्ट, 1000 वॅटची ब्रशलेस मोटर: पाटीवरचे आकडे आणि खरे अँपिअर

बदनापूर भागातल्या मोसंबीच्या बागेत क्रेट ओढणाऱ्या तीनचाकीवर ही मोटर आंबिया बहाराच्या तोडणीपासून मृग बहार उतरेपर्यंत चालली. म्हणजे ओली काळी माती आणि मार्च-एप्रिलचं ऊन, दोन्ही बघून झालं. सेट असा: ई-रिक्षाची डिफरन्शियलवाली (मागच्या दोन चाकांना फिरवणारा गिअरचा डबा असलेली) बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटर (48 व्होल्ट, 1000 वॅट, 3000 आरपीएम), 24 ट्यूबचा (ट्यूब म्हणजे करंट चालू-बंद करणारे मॉस्फेट) 50 अँपिअर कंट्रोलर आणि 16 सेलची 51.2 व्होल्टची लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी. गाडी, माणूस आणि 15 क्रेट मिळून साधारण 500 किलो.

मोटर दमदार आहे. घोळ आहे तो अँपिअर समजून घेण्यात.

1000 वॅट शाफ्टवर मिळतात. कार्यक्षमता 80 टक्के धरली तर बॅटरीतून 1250 वॅट जातात, म्हणजे 48 व्होल्टला 26 अँपिअर. हा भार मोटर सलग ओढते. कंट्रोलरवर लिहिलेले 50 अँपिअर मात्र मोटरला झेपतात असं नाही. बॅटरीतून जास्तीत जास्त तेवढे जाऊ देईन, एवढंच कंट्रोलर सांगतो. ‘मोठा कंट्रोलर टाका, पिकअप वाढेल’ हा दुकानातला सल्ला अर्धाच खरा. पिकअप वाढतो आणि वाइंडिंगही (मोटरच्या आतली तांब्याची तार) तापतं.

कडक पांदण रस्त्यावर हे वजन ताशी 8 किलोमीटरने न्यायला 220 वॅटच्या आसपास लागतात, बॅटरीतून जेमतेम 5-6 अँपिअर. तीच गाडी वाफसा येण्याआधी काळ्या मातीत घातली की त्याच वेगाला 1300 वॅट लागतात, म्हणजे 30 अँपिअरच्या वर. चाक रुतलं की मात्र बॅटरीकडचा आकडा फसवतो. कंट्रोलर व्होल्टेज कमी करून मोटरला देतो, आणि त्या प्रमाणात फेजमधला (कंट्रोलरकडून मोटरला जाणाऱ्या तीन वायरांमधला) करंट वाढतो. चाक हळू फिरताना ड्यूटी (बॅटरीच्या व्होल्टेजचा मोटरला मिळणारा वाटा) 20 टक्के असेल आणि डीसी क्लॅम्प मीटर बॅटरीच्या वायरवर 20 अँपिअर दाखवत असेल, तर फेजमध्ये 100 अँपिअर वाहत असतात. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे पूर्ण भारावर जेवढी होते त्याच्या दहापटीहून जास्त होते. मीटर म्हणतो सगळं ठीक, आणि आत तारेवरचं वार्निश जळत असतं. तांबं तापलं की त्याचा रोधही वाढतो, 120 अंशांना जवळपास 37 टक्क्यांनी. उन्हाळ्यात हवाच 42 अंशांवर असते, तेव्हा थंड व्हायला वावच उरत नाही.

म्हणून याच मोटरला 35 अँपिअरचा, किंवा फेजची मर्यादा वेगळी सेट करता येणारा कंट्रोलर घ्यावा. हाय-लो गिअरचं डिफरन्शियल मिळालं तर तेच घ्यावं. चिखलात लो गिअर टाकला की तेवढ्याच ओढीला मोटरचा करंट कमी लागतो. ते नसेल तर निम्मे क्रेट उतरवा. थ्रॉटल पिळून धरणं हा मोटर जाळायचा सर्वात सोपा मार्ग.

व्होल्टच्या बाबतीत गणित वेगळं आहे. अँपिअर थोडा वेळ जास्त गेले तर मोटर फक्त तापते, पण व्होल्ट क्षणभर वाढले तरी कंट्रोलर जातो. या कंट्रोलरमधले कपॅसिटर 63 व्होल्टचे आहेत आणि 16 सेलची बॅटरी पूर्ण भरली की 58.4 व्होल्ट होते, म्हणजे फार जागा नाही. चार लेड अॅसिड बॅटऱ्या असलेल्या गाडीला वेग वाढवायला पाचवी 12 व्होल्टची बॅटरी जोडायची कल्पना अनेकांना सुचते; तो पॅक चार्जिंगला 72 व्होल्टपर्यंत जातो, तेव्हा सोडून द्या. भरलेल्या बॅटरीवर उतारावरून येताना रिजन ब्रेकही (ब्रेक लावताना मोटरची वीज बॅटरीत परत भरणारा) बंद ठेवा. बीएमएसने (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटने) मध्येच चार्जिंग तोडलं की मोटरची वीज कुठेच जाऊ शकत नाही आणि ट्यूब फुटतात.

वायरिंगला 6 चौरस एमएम ऐवजी 16 चौरस एमएमची वायर बरी. तरी खरा त्रास थिंबलचा, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या कडीचा. ढिल्या थिंबलचा रोध 10 मिलिओहम जरी झाला, तर 50 अँपिअरला तिथे 25 वॅट तयार होतात, म्हणजे टर्मिनलवर सोल्डरिंग आयर्न टेकवून ठेवल्यासारखंच. भार ओढून आल्यावर लगेच हात लावून बघा. एकच जोड गरम लागला तर तो पुन्हा क्रिंप करा. एसीचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) इथे चालत नाही, डीसीचाच हवा, कारण डीसीचा आर्क विझत नाही.

मोटर बदलली किंवा वायर काढल्या तर चाक उचलून बिनभाराचा करंट मोजा. 2-3 अँपिअर ठीक. त्याहून बराच जास्त आणि घरघर असेल तर हॉल (मोटर कुठे फिरलीय ते कंट्रोलरला सांगणारे सेन्सर) आणि फेजच्या वायरांचा क्रम चुकलाय, रंग जुळले तरी. पावसात गाडी झटके मारायला लागली की हॉलचा कनेक्टर आधी उघडा. लाल-काळ्यावर 5 व्होल्ट हवेत, आणि चाक हाताने सावकाश फिरवताना पिवळी, हिरवी, निळी प्रत्येक वायर काळीच्या तुलनेत 0 आणि 5 अशी उड्या मारायला हवी. आमच्याकडच्या सेटमध्ये तो कनेक्टर उघडाच होता, वॉटरप्रूफ असल्याचं पाटीवर छापलेलं असूनही.