क्रूझवरील केबिन अपग्रेड आणि मुक्कामवाढ : दोन सफरींनंतरचा अनुभव, वहीतल्या हिशेबासह

परवा संध्याकाळी आमच्या पुढच्या सफरीसंबंधीचे ते ओळखीचे ईमेल पुन्हा आले. आहे त्यापेक्षा वरच्या वर्गाची केबिन हवी असल्यास बोली लावा, असे त्यात म्हटले होते. मी नेरुळला राहते, बँकेच्या लेखापरीक्षण विभागातून निवृत्त झाले आहे आणि प्रवासाचा प्रत्येक खर्च वहीत लिहिण्याची सवय मला अजून सुटलेली नाही. माझी थोरली बहीण ठाण्याला पाचपाखाडीत राहते आणि तिला वहीची ॲलर्जी आहे. गेल्या काही महिन्यांत आम्ही दोघींनी दोन क्रूझ केल्या. पहिल्या सफरीत अपग्रेड घेतले आणि दुसऱ्या सफरीत मुक्काम वाढवला, म्हणजे त्याच जहाजाची लगेचची पुढची फेरी जोडून घेतली. वरच्या केबिनसाठी आपण किती जादा पैसे देऊ ते कळवायचे आणि ते स्वीकारायचे की नाही हे कंपनीने ठरवायचे, एवढीच ही बोली, म्हणून ती कशी लावायची ते सांगत बसत नाही. पैसे गेल्यानंतर हाती काय लागले, एवढेच लिहिते.

पहिली सफर ऑक्टोबरमधली, रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरापासून अथेन्सजवळच्या पिरेयसपर्यंत, सात रात्रींची. आम्ही चौथ्या डेकवर, जहाजाच्या बरोबर मध्यावर, खिडकीची केबिन घेतली होती. ही जागा मी मुद्दाम निवडली होती, कारण ताईला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्येसुद्धा मळमळते, आणि लाटांवर जहाजाचे नाक-शेपूट वरखाली होते तेव्हा मध्यभागी आणि खालच्या डेकवर ती हालचाल सर्वांत कमी जाणवते. सगळे पैसे भरून झाल्यावर पाचएक आठवड्यांनी बोलीचे पत्र आले. बाल्कनीच्या मोठ्या केबिनसाठी किमान बोली १५० डॉलर होती. शेजारी एक तबकडी होती, जिचा काटा रक्कम वाढवली की लालकडून हिरव्याकडे सरकतो. ताई शनिवारी ट्रान्स-हार्बर लोकलने नेरुळला आली, माझ्या खांद्यावरून तिने तो काटा पाहिला आणि तो हिरव्यात जाईपर्यंत मला थांबू दिले नाही. आमची बोली १९० वर थांबली.

या १९० चे पुढे काय झाले ते पाहावे. बोली माणशी असते, म्हणून रक्कम झाली ३८०. (एकट्या प्रवाशालाही सहसा दोघांचेच पैसे पडतात, हे एकट्याने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.) माझ्या कार्डावर परकीय चलनाचा साडेतीन टक्के मार्कअप (बँकेचे जादा शुल्क) आणि त्या मार्कअपवर अठरा टक्के जीएसटी लागतो, ते सुमारे पावणेसोळा डॉलर. नव्या वर्गाचे रोजचे सेवाशुल्क माणशी चार डॉलरने अधिक होते, म्हणजे सात दिवसांचे दोघींचे ५६. अशा रीतीने पडद्यावरचे १९० माझ्या वहीत ४५१ होऊन उतरले. बोली स्वीकारली गेल्याचे पत्र निघण्याच्या तीन दिवस आधी आले, तेव्हा कार्डावरून पैसे आधीच वळते झालेले होते आणि अटींप्रमाणे ते परत मिळणार नव्हते. बोली स्वीकारली जाईपर्यंत ती मागे घेता येते किंवा बदलता येते. मला ते ठाऊक होते, पण ताईला दुखवायचे नव्हते.

आता मुख्य तक्रार. बोली लावून आपल्याला केबिनचा वर्ग मिळतो, जागा मिळत नाही. त्या वर्गातली कोणती केबिन द्यायची हे कंपनी ठरवते, आणि आम्हाला जी दिली ती दहाव्या डेकवर, पुढच्या टोकाला, थेट पोहण्याच्या तलावाच्या डेकखाली होती. पहाटे सव्वापाच वाजता आमच्या डोक्यावर आरामखुर्च्या ओढायला सुरुवात होई. आधी डेक धुण्यासाठी खुर्च्या एका बाजूला नेत, आणि डेक धुऊन झाला की पुन्हा रांगेने मांडत. म्हणजे एकाच पहाटे प्रत्येक खुर्ची दोनदा ओढली जाई, आणि हे सातही पहाटे झाले. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड रात्री अकराला सोफा सरकवते म्हणून मी सचिवांना दोन लेखी अर्ज दिलेले आहेत, आणि इथे मी त्याच आवाजासाठी डॉलर मोजून, विमानाने सातासमुद्रापार आले होते. स्वागतकक्षात सांगितले तर जहाज भरलेले असल्याचे कळले, आणि संध्याकाळी केबिनमध्ये कानात घालायचे बोळे व चॉकलेटचा डबा आला. ताईला मधुमेह आहे.

बाल्कनीचाही हिशेब ठेवला. जहाज चालू असताना ऑक्टोबरच्या वाऱ्यात तिथे बसवत नाही, बंदरात असताना आपण बाहेर भटकत असतो, आणि रात्री काळ्या पाण्याखेरीज काही दिसत नाही. आम्ही त्या बाल्कनीत सात दिवसांत मिळून चार तास दहा मिनिटे बसलो, म्हणजे तासाला साधारण १०८ डॉलर पडले. आकडा जपमाळेचा आहे, दर मात्र देवाधर्माचा नाही. प्रामाणिकपणे हेही नोंदवते की त्यातला दीड तास सांतोरिनीचा होता. तिथल्या ज्वालामुखीच्या बुडालेल्या विवरात जहाज पहाटे शिरले, तेव्हा कड्यावरची पांढरी गावे आमच्याच बाजूला आली आणि ताई शाल पांघरून, चहाचा कप हातात धरून एक शब्द न बोलता बसून राहिली. तिच्या मते ४५१ डॉलर तिथेच वसूल झाले. खुर्च्यांचा आवाज तिला आलाच नाही, कारण ती श्रवणयंत्र काढून झोपते.

त्याच सफरीच्या पाचव्या दिवशी दाराखालून दुसरे पत्र सरकले : हेच जहाज पिरेयसहून पुढे सात रात्री जाणार आहे, बऱ्याच सवलतीत थांबा. ताईने लगेच चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. पण आमच्या शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) बारा दिवसांच्या मुक्कामाची मर्यादा होती, त्या व्हिसासाठी काढावा लागणारा किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमाही तेवढ्याच दिवसांचा होता, आणि पुढच्या टप्प्यात तुर्कस्तानचे एक बंदर होते. शेंगेनबाहेर जाऊन पुन्हा ग्रीसमध्ये उतरणे हा दुसरा प्रवेश ठरतो, त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथे चालत नाही. सवलतीच्या आकड्यात बंदरशुल्कही धरलेले नव्हते, आणि ग्रीसमध्ये ते नगण्य नाही : १ जुलै २०२५ पासून सांतोरिनी आणि मिकोनोस येथे जून ते सप्टेंबर या काळात प्रत्येक क्रूझ प्रवाशामागे वीस युरो घेतले जातात. युरोपच्या सफरीत मुक्काम वाढवायचा विचार मनात असेल, तर तो व्हिसाचा अर्ज भरतानाच करावा लागतो, जहाजावर पत्र आल्यावर उपयोग नसतो. परतल्यावर मी कंपनीला खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवण्याची सूचना सविस्तर कळवली. उत्तरादाखल पुढच्या सफरीवरच्या अपग्रेडची जाहिरात आली.

या लेखाचा पहिला खर्डा तेव्हा लिहिला होता आणि त्यात दोन्ही योजना प्रवाशाला भुलवण्यासाठी आहेत असा निर्वाळा देऊन टाकला होता. एप्रिलच्या सफरीनंतर त्यातले अर्धे वाक्य मागे घ्यावे लागले.

एप्रिलची सफर दुसऱ्या कंपनीच्या जहाजावरची, सिंगापूरहून पेनांग आणि फुकेत करून परत, चार रात्रींची. निघण्याच्या तीन आठवडे आधी पत्र आले की लगेचच्या तीन रात्रींची मलेशियाची फेरी जोडून घ्या, माणशी १६५ डॉलर. मी आधी दोघींचा सगळा खर्च काढला : दोघींचे भाडे ३३०, बंदरशुल्क व कर १२४, सेवाशुल्क १०८, एकूण ५६२ डॉलर. कार्डाचा मार्कअप, परतीच्या विमानाची तारीख बदलण्याचे साडेनऊ हजार रुपये आणि वाढीव विमा धरून एकंदर सुमारे साठ हजार सातशे रुपये झाले, म्हणजे दोघींना मिळून रात्रीला वीस हजारांच्या आसपास. मूळच्या चार रात्रींचा दर मात्र विमान, व्हिसा आणि नेरुळहून विमानतळापर्यंतची टॅक्सी धरून रात्रीला एकेचाळीस हजार पडला होता. येण्याजाण्याचा खर्च एकदाच होतो आणि वाढवलेल्या रात्री त्याचा भार हलका करतात, ही गोष्ट आयुष्यभर ताळेबंद तपासूनही मला आधी सुचली नव्हती. कागदपत्रांची अडचणही नव्हती, कारण मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे, फक्त तिथले डिजिटल आगमनपत्र आधी भरावे लागते. सिंगापूरचा व्हिसा मात्र अनेकदा प्रवेश देणारा आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवशी आपण सिंगापुरात नव्याने प्रवेश करतो.

दुसऱ्या टप्प्यासाठी आम्हाला वेगळी केबिन दिली होती. सातच्या सात रात्री एकाच खोलीत काढता आल्या तर मुक्कामवाढीचा खरा उपयोग, नाहीतर पाचव्या दिवशी ताईच्या औषधांच्या अकरा डब्या, दोन बॅगा आणि वाळत घातलेले कपडे घेऊन मजले बदलत फिरायचे. मी दोन दिवस स्वागतकक्षात खेटे घातले. तिसऱ्या दिवशी तिथे मालवणचा एक तरुण ड्यूटीवर होता. आमचे आडनाव वाचून तो मराठीत म्हणाला, "मावशी, बॅग भरू नका, मी बघतो." आमच्या खोलीत येणाऱ्या प्रवाशांनी केबिन क्रमांक न ठरवता स्वस्तात नोंदणी केलेली होती, तेव्हा त्यांना त्याच वर्गातली दुसरी खोली देता येते, असे त्याने समजावून सांगितले आणि अर्ध्या तासात काम केले. इतके दिवस मी ज्या पद्धतीला दोष देत होते, त्याच पद्धतीचा फायदा त्या दिवशी आम्हाला मिळाला, आणि कोणा अनोळखी कुटुंबाला कदाचित तलावाखालची खोली मिळाली असेल. मला थोडे अपराधी वाटले. ताईला वाटले नाही.

फेरी बदलण्याच्या दिवशी सगळ्यांसारखेच खाली उतरून, पासपोर्ट तपासून घेऊन पुन्हा चढावे लागते, आणि सिंगापूरचे आगमनपत्रही नव्याने भरावे लागते. त्याला दीड तास लागला. नंतर दुपारपर्यंत जहाज जवळजवळ रिकामे होते. मी तलावाच्या डेकवर गेले, एक आरामखुर्ची उलटी केली आणि पाहिले, तर चारही पायांना रबरी टोप्या होत्या. मी फोटो काढत असताना तलावाची व्यवस्था पाहणारा मुलगा खुर्ची मोडली का असे विचारायला आला.

तेव्हा माझे मत असे झाले आहे : मुक्कामवाढीला चार तारे, अपग्रेडच्या बोलीला दोन, आणि त्यातला एक सांतोरिनीचा. आतल्या बिनखिडकीच्या केबिनमधून खिडकीच्या केबिनमध्ये जायची संधी किमान बोलीत मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. पण मध्यावरची खालची केबिन स्वतः निवडली असेल, वर आणि खाली दोन्हीकडे केबिनीच असतील, तर काटा कितीही हिरवा होवो, मी ती सोडणार नाही.

परवाच्या पत्रात किमान बोली १४० डॉलर आहे. डेकचा नकाशा काढून पाहिला. त्या वर्गातल्या निम्म्या केबिनींच्या वर व्यायामशाळा आहे. ताईचा फोन येऊन गेला, तिला नकाशा कळत नाही आणि व्यायामशाळेचा आवाज तिला येणारही नाही. बोलीची मुदत रविवारी रात्री संपते, आणि पासवर्ड माझ्याकडे आहे.