वळताना मागून आवाज: घरचा जॅक की गॅरेजची लिफ्ट?
मेहुण्याची गाडी उजवीकडे वळली की मागून घूंऽऽ करते. घरी बघू की गॅरेजात टाकू, यात स्वारी आठवडाभर अडकलीये.

आधी डिकी रिकामी कर म्हटलं. कित्येकदा भूत म्हणजे सुटा पाना निघतो.

खर्चात घर जिंकतं, यात वाद नाही. अचूकपणाचं मात्र आवाजावर आहे. चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग बिघडलं असेल तर घरीही सापडतं. उजव्या वळणावर भार डावीकडे जातो, म्हणून आधी डावं चाक. सपाट जागा, पुढच्या चाकांना विटा, गाडी पहिल्या गिअरमध्ये (इंजिन पुढची चाकं फिरवणारं असेल तरच), हँडब्रेक सोडलेला. जॅकवरचं चाक एका हाताने फिरवायचं, दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर. खराब बेअरिंगची खरखर बोटांना लागते. शॉकअ‍ॅब्झॉर्बरचा बुश (त्याच्या टोकाचं रबर) झिजला असेल तर असा कळत नाही. तिथे लिफ्टवर पहार लावून हलवणारा मिस्त्रीच हवा. मेहनतीचं काय सांगू, पाठ धरते! आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही.

वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल आणि रविवार मोकळा असेल, तर घरी बघा. खड्ड्यात खडखड किंवा ब्रेकशी घासल्यासारखं वाटलं तर सरळ गॅरेज. मेहुण्याला मी जॅक दिलाय.