खाऱ्या हवेतली दहा मीटरची एअर रायफल: एक अख्खा पावसाळा वापरल्यावर

नेमबाजीसाठी बंदूक घ्यायची म्हटलं की लोक आधी ताकद विचारतात. किती लांब जाते, किती जोरात लागते. किनाऱ्यालगत राहणाऱ्याने त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात असं माझं ठाम मत झालंय: हवा कुठे भरणार, आणि जून ते सप्टेंबर ती कुठे ठेवणार. बाकी सगळं त्यानंतर.

मालवण तालुक्यात आमच्या घरामागच्या मांगरात (शेतीच्या शेडमध्ये) मी पीसीपी मॅच, म्हणजे स्पर्धेची, रायफल वापरते, म्हणजे सिलेंडरमध्ये दाबाने भरलेल्या हवेवर चालणारी, ४.५ मिलिमीटर बोअरची (नळीचा आतला व्यास), देशी बनावटीची. एक पावसाळा, त्यानंतरचा आंब्याच्या मोहोराचा काळ आणि आताचा वैशाखातला घामट उन्हाळा, एवढं सगळं तिने माझ्याबरोबर पाहिलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते जर्मन रायफलीलाही तितकंच लागू आहे.

रायफल घरी आली त्याच दिवशी शेजारच्या काकांनी गडग्यावरून विचारलं, "गो, बंदूक हाडलंस ती हाडलंस, पण परवानो खंय आसा?" प्रश्न अगदी रास्त होता. आमच्याकडे बंदूक म्हणजे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची किंवा बारा बोरची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, आचारसंहिता उठली की परत आणायची, हे लोकांनी वर्षानुवर्षं केलेलं आहे. एअर रायफलचं तसं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे बोअर ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत, आणि नळीतून सुटताना छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. दोनपैकी एक मर्यादा जरी ओलांडली तरी लागतो. माझ्या रायफलचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा जेमतेम आठ ज्यूल. दहा मीटरवरच्या कागदाला त्याहून जास्त लागतच नाही.

इथे एक सावधगिरी. ऑनलाइन जाहिरातींत ०.२२ बोअरच्या, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या एअर रायफली सर्रास दिसतात आणि खाली "परवान्याची गरज नाही" असं लिहिलेलं असतं. बोअरच मर्यादेबाहेर गेल्यावर ताकद कितीही कमी असली तरी उपयोग नाही. घेताना बिलावर बोअर आणि ऊर्जा दोन्ही लिहून घ्या. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्या. त्या बिलाची प्रत रायफलच्या बॅगेत कायम ठेवा. एसटीने किंवा कोकण रेल्वेने रायफल नेताना कुणी विचारलं तर तोंडी सांगत बसण्यापेक्षा कागद पुढे करणं बरं.

आता निवड. स्प्रिंगची, एका दमात हवा दाबणारी आणि पीसीपी, असे तीन पर्याय समोर होते. स्प्रिंगची स्वस्त, हवा भरायची कटकट नाही, पण चाप ओढल्यावर आतला पिस्टन धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडायच्या आत रायफल हलते. शिकाऊ माणसाला आपली चूक कुठली आणि रायफलची कुठली हे त्यात कळत नाही. एका दमात हवा दाबणारी, बाजूचा लांब दांडा एकदाच ओढायची जात, म्हणजे फाइनवेर्कबाउच्या सहाशे मालिकेतल्या जुन्या रायफली. माझ्या मते कोकणाला सगळ्यात योग्य तीच, कारण सिलेंडरच नाही. पण आता ती जुन्या बाजारातच मिळते आणि सुटे भाग शोधत फिरावं लागतं. म्हणून पीसीपी. परदेशी मॅच रायफली लाखांत जातात. पहिलीच रायफल असेल तर तो खर्च नेमबाजीचं जॅकेट, बूट आणि चांगल्या छर्र्यांवर करा असं मी आग्रहाने सांगेन.

दहा मीटरच्या खेळाचं माप ज्याने पाहिलं नाही त्याला हे वेड वाटेल. पूर्ण टार्गेट साडेचार सेंटिमीटरचं, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. सामन्यात साठ छर्रे, पंचाहत्तर मिनिटं. दुर्बीण लावायची परवानगी नाही, डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून पुढची कडी पाहायची. २००८ साली अभिनव बिंद्राचं सुवर्ण याच प्रकारातलं, आणि २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला तोही यातच. इतक्या बारीक मापात नळीच्या तोंडाशी गंजाचा एक कण किंवा ओलाव्याने ढिला झालेला एक स्क्रूही गुण खातो. कोकणातला प्रश्न इथून सुरू होतो.

आधी हवेचं. माझ्या सिलेंडरची भरण २०० बारची (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक). पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारला थांबतो, त्यामुळे तो विचार सोडा. हातपंपाने भरता येतं, मेहनत भरपूर, पण खरी अडचण मेहनतीची नाही. पावसाळ्यात आमच्याकडच्या एक घनमीटर हवेत वीस-पंचवीस ग्रॅम पाण्याची वाफ सहज असते. पाव लिटरहून लहान सिलेंडर रिकाम्यापासून २०० बारला भरताना चाळीस-एक लिटर बाहेरची हवा दाबली जाते. तिच्यातलं ग्रॅमभर पाणी कुठे तरी बसणारच. ते पंपाच्या गाळणीत अडलं नाही तर सिलेंडरच्या तळाशी आणि झडपेत जातं, आणि तिथला गंज बाहेरून कधीच दिसत नाही. हातपंपच वापरायचा असेल तर त्याला सिलिका जेलची सुकवणी नळी जोडून घ्या, दर पाच-सात मिनिटांनी थांबून पंप थंड होऊ द्या आणि पाण्याची झडप उघडून निचरा करा. भर पावसात पंप मारण्यापेक्षा उघाड पडलेली दुपार बघा.

माझा मार्ग मालवणच्या समुद्राने सोपा केला. इथे स्कुबा डायव्हिंगवाले आहेत, आणि त्यांच्या कॉम्प्रेसरची हवा माणसाने पाण्याखाली श्वासात घ्यायची असते, म्हणजे गाळलेली आणि कोरडी. बारा लिटरचा डायव्हिंगचा सिलेंडर २०० बारला भरून घरी आणला की त्यावरून रायफलचा लहान सिलेंडर योग्य अडॅप्टरने भरता येतो. शंभर बारवर आलेला रायफलचा सिलेंडर पुन्हा भरला की मोठ्यातला दाब दीडेक बारने उतरतो. म्हणजे दर भरणीची कमाल किंचित खाली येत जाते, पण मॅच रायफलीला पूर्ण २०० लागतातच असं नाही, त्यामुळे एक मोठा सिलेंडर महिनोनमहिने पुरतो. झडप अगदी सावकाश उघडायची. घाईने भरलं की हवा तापते आणि थंड झाल्यावर काटा खाली आलेला दिसतो. यात एक मेख आहे जी मुंबई-पुण्याच्या लोकांना सुचणार नाही: पावसाळ्यात समुद्रावरचे जलक्रीडेचे धंदे बंद असतात. म्हणून आगोट साठवताना मिरची, मीठ, सुकी मासळी भरतो त्याच दिवसांत, मे संपायच्या आत, हवाही भरून ठेवायची.

सिलेंडरमध्ये दवाखान्याचा किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा अंश एकत्र आले तर स्फोट होतो. रायफलच्या हवेच्या मार्गात साधं मशीनचं तेलही घालायचं नाही, रबरी कड्यांना फक्त सिलिकॉन ग्रीस.

ठेवण्याचं सांगते. रायफलबरोबर फोम लावलेली कडक पेटी आली, दिसायला सुरेख. ती प्रवासापुरतीच वापरा. फोम ओलावा धरून ठेवतो आणि रायफल त्याच्या मिठीत चार महिने राहिली तर सगळीकडून एकदम गंजते. माझी रायफल लोखंडी कपाटात उभी असते, आत हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा) आणि जाळीच्या डब्यात सिलिका जेल. जुलैत ओटीवर आर्द्रता नव्वदच्या वर असताना कपाटात ती पन्नास-पंचावन्नला धरता येते, पण त्यासाठी जेल दर आठवड्याला तपासावं लागतं. निळे मणी गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतायचे, पुन्हा निळे होतात. तो तवा स्वयंपाकाला वापरायचा नाही.

गंज कुठे धरतो ते पाहिल्याशिवाय पटत नाही. गणपतीत पाहुणे आले, दोघा-तिघांनी कौतुकाने रायफल हाताळली. दोन दिवसांनी नळीवर उजेड तिरका पाडून पाहिलं तर पुढच्या साइटच्या खाली अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट, तांबूस. मऊ फडक्यावर दोन थेंब तेल घेऊन चोळल्यावर निघाला, पण रंगावर फिकट खूण राहिली. घामातलं मीठ आणि हवेतलं मीठ एकत्र आलं की एवढाच वेळ लागतो. तेव्हापासून सराव संपला की बाहेरचा पोलादी भाग पुसायचा, साइटच्या स्क्रूंची डोकी ब्रशने साफ करायची आणि मगच कपाट. नळीच्या आत मात्र तेल नको, फेल्टचे गोळे पुरतात. माझा दस्ता ॲल्युमिनियमचा आहे. लाकडी असता तर पावसात फुगून स्क्रूंचा ताण बदलला असता आणि छर्रे लागायची जागा सरकली असती, म्हणून या हवेत ॲल्युमिनियमच घ्या.

जॅकेटचा त्रास रायफलपेक्षा जास्त झाला. कॅनव्हास आणि चामडं, त्यात घाम. श्रावणात बाह्यांच्या आतून पांढरी बुरशी आली. धुता येत नाही, उन्हात टाकलं तर चामडं तडकतं. पंख्याखाली उलटं टांगून सुकवणं एवढाच उपाय, आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे.

कुलूप हा वेगळा विषय आहे आणि त्यात तडजोड नको. परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं होत नाही. आठ ज्यूलचा छर्रा डोळा घालवतो. रायफल एका कुलपात, छर्रे दुसऱ्या, किल्ल्या माझ्याकडे. नळीतून आरपार नारिंगी दोरी कायम ओवलेली, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसतं. सिलेंडरमध्ये थोडा दाब ठेवायचा म्हणजे सील बसून राहतात. कपाटाजवळ चूल नको, ऊनही नको. छर्रे शिशाचे असतात, दमट हवेत त्यांच्यावर पांढरी पूड धरते, म्हणून डबा घट्ट बंद ठेवा आणि सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

मांगरात दहा मीटर सरळ मिळाले हे नशीब. चिऱ्याच्या भिंतीवर थेट मारायचं नाही, छर्रा उलटा येतो. तिरक्या पोलादी पत्र्याची छर्रापेटी, मागे प्लायवूड, त्यावर जुनी गोधडी, आणि मधून कुणी येऊ नये म्हणून दाराला आतून कडी.

आणखी एक गोष्ट सगळ्यांनाच सांगावी लागली: या रायफलने वांदर हाकलायचे नाहीत. नारळ-केळीचं नुकसान मी रोज बघते, बागायतदाराचा संताप मला कळतो. पण छर्रा लागलेलं जनावर मरत नाही, आत जखम घेऊन हाल होत फिरतं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा होऊ शकतो. ज्याला त्यासाठी हवी आहे त्याने ही घेऊ नये.

दोष एकच मोठा. भर पावसाळ्यात काटा रात्रीतून पाच-सात बार उतरायला लागला. साबणाच्या पाण्याने पाहिलं तर सिलेंडरच्या जोडावर बुडबुडे. एक रबरी कडं बदलायचं होतं, तेवढं पाठवायला सेवा केंद्राने आठवडेच्या आठवडे घेतले आणि त्या काळात सराव बंद. तुम्ही घेताना कड्यांचा पूर्ण संच त्याच बिलात मागून घ्या, नंतर म्हणू नका.

पुढे ०.२२ च्या खऱ्या, काडतुसाच्या रायफलीकडे जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी. तिथे एकवीस पूर्ण, नमुना अ-१ चा अर्ज, वैद्यकीय दाखला, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलीस चौकशी, आणि मग जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय, म्हणजे आमच्यासाठी जिल्ह्याचं मुख्यालय ओरोस. परवाना पाच वर्षांचा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, नोंदणीकृत खेळाडूंना वेगळी सवलत आहे. घरात आजोबांची बंदूक वारसाहक्काने आलेली असेल तर तीही त्या दोनांत मोजली जाते, हे अर्ज करण्याआधी तपासा. आणि परवाना मिळाला तरी ती मांगरात चालवता येणार नाही. ०.२२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, तिला रेंजच हवी, पुण्याच्या बालेवाडीसारखी. पन्नास मीटरच्या रायफलीत २०१० मध्ये तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली, २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेने ऑलिंपिक कांस्य मिळवलं, दोघेही घाटापलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. तिकडे जायचं माझंही मनात आहे, पण महिन्यातून एकदा घाट चढून होणाऱ्या सरावापेक्षा रोज मांगरात होणारा दहा मीटरचा सराव मला जास्त शिकवतो.

सेकंडहँड पीसीपी कुणी देऊ केली तर रायफलच्या आधी सिलेंडर हातात घ्या आणि त्यावर कोरलेली तारीख वाचा. हवेच्या सिलेंडरचं आयुष्य दहा वर्षांचं धरतात आणि स्पर्धेत त्यापुढचा चालत नाही. किनाऱ्यावरच्या घरात राहिलेला असेल तर जोडाच्या आट्यांवर टॉर्च मारून बघा. तिथे तांबूस पूड दिसली तर नवीन सिलेंडरची किंमत व्यवहारातून वजा करा, नाही तर सरळ परत द्या.