जनरेटरवर साधा एसी बरा की इन्व्हर्टर एसी?
सांगलीत मे महिन्यात वळीव आला की लाईट गेलीच समजा, मग आमच्या विश्रामबागेत जनरेटरची दोरी ओढायची. आधी दीड टनाचा साधा एसी होता, चालताना दीडेक किलोवॅटच, पण कॉम्प्रेसर सुरू होताना कित्येक पट करंट खेचायचा, ३ केव्हीएचा जनरेटर घुर्रर्र करून दबायचा, बल्ब मिणमिणायचा न कधीकधी ट्रिपच. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो म्हणून तो झटकाच नाही, रूम गार झाली की लोडपण उतरतो, पेट्रोल वाचतं. फक्त त्याचा पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) नाजूक, व्होल्टेज नाचलं की एरर. तरी मी इन्व्हर्टरच घेईन. आणि जनरेटर बाहेर उघड्यावरच हां, बाल्कनीत नको, धूर आत शिरला तर जीवावर बेततं.