औलीच्या बर्फात गेलेले 2,88,400 रुपये

दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार चारशे. उत्तराखंडातल्या औलीच्या सहलीच्या नावाखाली एका टूर एजंटने आम्हाला एवढ्याला फसवलं. आकडा पूर्ण लिहिते, कारण "अडीच-तीन लाख" म्हटलं की ऐकणाऱ्याला तो मोघम वाटतो. माझ्याकडे त्यातल्या एकेका रुपयाची तारीख आहे. मी बेळगावात एका पतसंस्थेत 19 वर्षं कॅशियर आहे. लोकांचे पैसे मोजणं हेच माझं काम, आणि म्हणूनच हे लिहायला मला दहा महिने लागले.

मुलाची हौस होती, एकदा स्कीइंग करायचं. आम्ही चौघे आणि निपाणीची नणंद, तिचे यजमान, त्यांची मुलगी, असे सातजण. दोन वर्षं भिशी लावली होती. वहीत हिशोब मांडला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. बर्फावर घसरायला फार पैसे लागत नाहीत, तिथे पोहोचायला लागतात. बेळगावहून दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार-ऋषिकेश, तिथून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, म्हणजे डोंगरातला अख्खा दिवस. मग औली. स्कीचं भाडं, शिकवणारा, राहणं हे सगळं वेगवेगळं. एवढी जुळवाजुळव दोन नोकरदार बायकांना कशी जमणार? म्हणून एजंट. आळस म्हणून नव्हे, हे आधीच सांगते.

हा माणूस कुठून तरी उपटलेला नव्हता. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला त्याने अष्टविनायक करवून आणलं होतं, व्यवस्थित. फोनवर स्वच्छ मराठी, "ताई" शिवाय बोलणं नाही, कार्यक्रमपत्रक मराठीत, पावतीसुद्धा मराठीत. बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. इथे सातबाऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत सगळं कन्नडमध्ये वाचायची सवय झालेल्या माणसाला मराठीत छापलेली पावती हातात आली की तो अर्धा विश्वास तिथेच ठेवतो. मीही ठेवला. आपला माणूस आहे, एवढंच बघितलं.

पैसे असे गेले. 14 ऑक्टोबर 2024, दसरा होऊन दोन दिवस झाले होते, टोकन माणशी 3,000 प्रमाणे 21,000. 29 ऑक्टोबरला, ऐन धनत्रयोदशीला, बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्लीच्या जाण्यायेण्याच्या विमान तिकिटांचे माणशी 13,200, म्हणजे 92,400. 18 नोव्हेंबरला 75,000. 9 डिसेंबरला 75,500. आणि 27 डिसेंबरला "स्कीच्या सामानाची परत मिळणारी अनामत" माणशी 3,500 प्रमाणे 24,500.

आता 9 डिसेंबरबद्दल. ही एक रात्र मी रोज जगते.

जेवणं झाली होती. टेबल पुसून मी कार्यक्रमपत्रक उघडलं होतं, पैसे पाठवायच्या आधी शेवटचं वाचावं म्हणून. मुलगा मागे उभा राहून वाचत होता. तिसऱ्या दिवशी लिहिलं होतं, "जोशीमठ ते औली रोपवेने प्रवास." तो म्हणाला, "आई, हा रोपवे बंद आहे ना? जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून." जानेवारी 2023 मध्ये तिथल्या घरांना तडे गेले होते, ते आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं होतं. मी लगेच एजंटला फोन लावला. त्याने पहिल्या रिंगला उचलला. "ताई, ते जुनं झालं. आता ग्रुपला खास परवानगी मिळते." वर हेही, की हॉटेलवाला उद्यापासून दर वाढवतोय, आजच पूर्ण पैसे भरले तर खोल्या पक्क्या.

आणि मी मुलाला म्हणाले, "तुला सगळ्यात खोट काढायची सवयच आहे."

मग यूपीआय उघडलं. फर्मचं नाव एक आणि स्क्रीनवर आलेलं नाव भलत्याच माणसाचं. माझ्या खिडकीवर चेकवरच्या नावात एक अक्षर चुकलं तरी मी चेक परत करते, समोर ओळखीची म्हातारी असली तरी करते. त्या रात्री मी ते नाव वाचलं, मनात "भावाचं खातं असेल" असं म्हटलं, आणि पिन टाकला. 9 वाजून 40 मिनिटं. तो मेसेज मी अजून ठेवलाय.

पावतीवर "जीएसटीसहित" होतं, जीएसटी नंबर नव्हता. तो नंबर 15 अक्षरांचा असतो, जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. नंबरच नसेल तर पुढे बोलूच नका.

अनामतीचं तर आणखी जिव्हारी लागतं. स्कीचे बूट पायाला घट्ट बसावे लागतात. माप घालून बघितल्याशिवाय ते कोणी देत नाही. सात जणांच्या सामानाची अनामत घेणाऱ्याने सातातल्या एकाचंही पायाचं माप विचारलं नाही. नणंद म्हणालीही होती, "वहिनी, बुटाचं काय?" मी म्हटलं, तिथे गेल्यावर बघतील.

14 जानेवारीला, संक्रांतीला, त्याला तिळगुळाचा मेसेज टाकला. गेला नाही. फोन बंद. 18 तारखेचं विमान होतं. विमान कंपनीला फोन केला तेव्हा कळलं की तिकिटं 3 नोव्हेंबरलाच रद्द झाली होती. म्हणजे पैसे दिल्यावर पाचच दिवसांनी. 29 ऑक्टोबरला मी पीएनआर, म्हणजे तिकिटाचा बुकिंग नंबर, स्वतः तपासला होता, सातही नावं बरोबर दिसली होती, म्हणून निर्धास्त होते. बुकिंगवर मोबाईल आणि ईमेल त्याचा होता, त्यामुळे रद्द झाल्याचा निरोप त्यालाच, परतावाही त्यालाच. एकदा पीएनआर बघून भागत नाही. दर आठवड्याला बघा. त्याहून बरं, विमानाचं तिकीट स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतःच्या खात्यातून काढा, बाकीचं कोणालाही द्या.

पलंगावर लोकरीचे मोजे, थर्मल, तिबेटी बाईंकडून घेतलेले स्वेटर, आणि वाटेत द्यायला आणलेला एक किलो कुंदा. मुलगा ते सगळं गप्प बसून परत कपाटात ठेवत होता. "मी सांगितलं होतं" असं तो आजपर्यंत एकदाही म्हणाला नाही.

16 तारखेला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्या खात्यात 1,140 रुपये उरले होते. सायबर फसवणुकीत पहिले काही तास महत्त्वाचे. मी लाजेने दोन दिवस घालवले, नातेवाइकांना काय सांगायचं याचा विचार करत. तुम्ही घालवू नका. आधी 1930, मग रडणं.

आणि त्यानंतर जे झालं ते फसवणुकीपेक्षा जास्त झोंबतं. इथल्या ठाण्यात गेले. मराठीत लिहिलेला चार पानी अर्ज बघून समोरचा म्हणाला, "कन्नडदल्लि बरेदु कोडि." म्हणजे कन्नडमध्ये लिहून द्या. मला कन्नड बोलता येतं, वाचता येतं, कायद्याचा अर्ज लिहिता येत नाही. बाहेर झाडाखाली बसणाऱ्या लेखनिकाने 300 रुपये घेऊन लिहून दिला. तो घेऊन परत गेले तर खातं कुठलं आहे ते बघून म्हणाले, हे महाराष्ट्रातलं, "अल्लि होगि", म्हणजे तिकडे जा. रजा टाकून, कोगनोळी नाका ओलांडून तिकडे गेले. तिथे माझा अर्ज कन्नडमध्ये, म्हणून तो कोणी वाचेना. आधार कार्ड बघितलं आणि सांगितलं, "बाई, तुम्ही कर्नाटकच्या. गुन्हा तिकडे घडला." पैसे मी घरात बसून पाठवले म्हणून गुन्हा बेळगावात, पैसे पोहोचले तिकडे म्हणून गुन्हा तिकडे, आणि दोन्हीकडे मी परकी. 1956 पासून आमची माणसं या रेषेवर उभी आहेत. चोर ती रेषा मोबाईलवरून एका सेकंदात ओलांडतो, माझा अर्ज पाच महिने ओलांडू शकला नाही. चार वेळा इकडे, तीन वेळा तिकडे. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा सिस्टीम बंद, एकदा मला विचारलं, "एवढ्या शिकलेल्या तुम्ही, एवढे पैसे दिलेतच कसे?" हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते, तो ऐकायला मला रजा टाकून यायची गरज नव्हती. तो विचारायचाय त्याला, जो पैसे घेऊन गेला.

नणंदेच्या दिराचा मुलगा वकिली शिकतोय, त्याने शेवटी सांगितलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने तक्रार घ्यायची असते, शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायची असते. फसवणुकीचं पूर्वीचं 420, आता न्याय संहितेचं 318. हे कलमांसकट अर्जात लिहिलं, पोस्टाने वरिष्ठांना पाठवलं, तेव्हा जूनमध्ये नोंद झाली. कलम मला माहीत असावं आणि समोर खुर्चीत बसलेल्याला आठवू नये, याचा राग कुठे काढायचा? नोंदीनंतर आजवर एकही फोन नाही. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा.

जायचंच असेल तर औलीत गढवाल मंडल विकास निगम या सरकारी संस्थेचं निवासस्थान आहे, तेच स्कीचे कोर्सही घेतात. थेट त्यांच्याशी बोला. मधला माणूस हवाच असेल तर हॉटेलला स्वतः फोन करून आपल्या नावाचं बुकिंग आहे का ते विचारा. मी एकही फोन केला नव्हता. पाच मिनिटांचं काम होतं.

नणंदेच्या घराचा वाटा 1,23,600. ती मागत नाही, पण मी महिना 5,000 देते. 50,000 फिटले, 73,600 राहिले.

गेल्या आठवड्यात चिकोडीच्या एका ओळखीच्या बाईंनी मला एक कार्यक्रमपत्रक पाठवलं, "हे चांगलं आहे का बघा" म्हणून. तीच मराठी, तीच मांडणी, फर्मचं नाव नवीन. औलीच्या जागी गुलमर्ग. टोकन तेच, माणशी 3,000. "गोंडोलाचा ग्रुप पास समाविष्ट." गुलमर्गच्या गोंडोलाचं, म्हणजे तिथल्या रोपवेचं, तिकीट ऑनलाइन, प्रत्येकाच्या नावाने काढावं लागतं. मी तिथल्या तिथे त्यांना फोन लावला. त्यांनी टोकन सकाळीच भरलं होतं. पाच जणांचं, 15,000. फोन चालू ठेवूनच मी त्यांना दुसऱ्या मोबाईलवरून 1930 लावायला सांगितलं.